वरच्या वाडीला विचारलं का?

गेनूतात्या सरपंच सही करण्याआधी कागद उलटा करून मांडीवर ठेवायचे आणि विचारायचे, "वरच्या वाडीला इचारलं का?" मग तो कागद शाळेच्या कौलांचा असो की कोंडवाड्याच्या कुलपाचा.

मी तेव्हा ताम्हिणी घाटाच्या पायथ्याच्या त्या इवल्याशा ग्रामपंचायतीत सेक्रेटरी होतो. पुण्याच्या पेठेतून आलेला, विशीतला, आणि कायदा तोंडपाठ म्हणून डोक्यात हवा गेलेला. पंचायत म्हणजे देवळाच्या ओवरीतलं एक टेबल आणि एक पत्र्याची पेटी. खाली साठेक उंबऱ्यांचं गाव, वर डोंगराच्या खांद्यावर सात धनगरघरांची वाडी. ग्रामसभा असली की कोतवाल गावात हलगी वाजवून दवंडी द्यायचा. ती वर कशी ऐकू जाणार? म्हणून तात्या दोन तासांचा चढ चढून सातही दारांत उभे राहून सांगून यायचे. वाडीतलं कुणी सभेला क्वचितच येई. मग जाता तरी कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "यायचं का न्हाई ते त्यांचं. जायचं का न्हाई ते आपलं."

मला हा निव्वळ हट्ट वाटायचा.

गावाचं खरं दुखणं पाणी. पावसाळ्यात नको म्हणेपर्यंत कोसळायचं आणि होळी झाली की ओढा आटायचा. बायका वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं हंडे भरत. तात्यांच्या सोनाकाकूही त्यातच. वरच्या वाडीजवळ एक झरा होता. तो नळानं खाली आणायची योजना जवळजवळ मंजूर झाली होती. फक्त ग्रामसभेचा ठराव आठवड्याभरात पौडच्या तालुका कचेरीत पोचायला हवा होता. नेमके तात्या तापानं आडवे. वर सांगायला त्यांनी मला पाठवलं. अर्ध्या चढावर माझी छाती भरून आली. तिथूनच तोंडाला हात लावून दोन हाका मारल्या आणि उतरलो. वहीत लिहिलं, 'दवंडी सर्वत्र दिली.' ठराव एकमतानं झाला. गावानं गूळ वाटला.

कागद घेऊन सहीला गेलो, तर तात्या घोंगडीत. नेहमीचा प्रश्न आला. मी छातीठोकपणे हो म्हणालो.

"कुनाकुनाच्या दारात हुबं ऱ्हायलात?"

मला एक नाव सांगता येईना. तात्या रागावले नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी कागद तसाच परत दिला आणि सकाळी निघायचं म्हणाले. तापानं फणफणलेला तो माणूस काठी टेकत पुढे आणि मी धडधाकट मागे, खाली मान घालून.

वाडीतल्या म्हाताऱ्या ठकूबाईनं सगळं ऐकून घेतलं. आम्हांला झऱ्यापाशी नेऊन बसवलं, एवढंच. योजनेचे मोजणीवाले आले होते ते दिवाळीच्या सुमारास, तेव्हा झरा भरून वाहत होता. आता उन्हाळ्यात धार उरली होती करंगळीएवढी. आधी शेरडं पाणी प्याली, मग गुरं, मग सात घरांचे हंडे एकामागून एक भरले. उन्हं डोक्यावर आली तेव्हा खळग्यात नुसता चिखल होता.

"उरलंय ते न्या," ठकूबाई म्हणाली.

आवाजात कुजकेपणा नव्हता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तात्यांचे ओठ सुकले होते. बाईनं दिलेलं ताक ते प्याले, पण पाणी त्यांनी मागितलं नाही.

खाली येऊन त्यांनी पुन्हा सभा बोलावली. झरा उन्हाळ्यात वाडीलाच पुरत नाही, हे सांगितलं. आणि म्हणाले, "वर सांगावा गेला न्हवता. चूक माजी हाय. म्हनून तो ठरावच न्हाई." माझं नाव नाही. मी उठून बोलायला हवं होतं. मी पेनाचं टोपण घट्ट करत बसलो. गाव खवळलं. बायकांच्या घोळक्यातून सोनाकाकू पुढे आल्या आणि भर सभेत नवऱ्याला म्हणाल्या, "सात घरांपायी साठ घरांतल्या बायांनी मान मोडून घ्यायची व्हय? मला मान्य न्हाई."

त्या काळी नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नसे. तात्यांनी घेतलं. "लिवा भाऊसाहेब, सोनाबाईंचा इरोध. नीट लिवा. त्यांचं बी खरं हाय."

मी लिहिलं. एवढा उंच माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. योजना दुसऱ्या गावाला गेली. पुढच्या निवडणुकीत तात्या पडले, तेही सपशेल. ओढा दर होळीला आटत राहिला.

माझी बदली झाली. काही वर्षांनी तात्या गेल्याचं कळलं, तेव्हा दहाव्याला गेलो. सोनाकाकू ओट्यावर बसल्या होत्या. धीर करून त्यांना सांगितलं की चूक तात्यांची नव्हती, माझी होती. त्यांना ते कधीचंच ठाऊक होतं. मग मी विचारलं, तात्यांवर अजून राग आहे का?

"हाय की," त्या म्हणाल्या. "जलमभर राग धरावा असा दुसरा मानूस कुटं हाय ह्या गावात?"