बायडाबाईच्या होडीचे तीन पंखे

जुन्नरकडच्या मढच्या बाजूला, धरणाच्या पाण्याकाठी, बायडाबाईला कुणी अंगणवाडीच्या बाई म्हणत नाही. होडीवाल्या बाई म्हणतात, आणि ते ऐकून ती दर वेळी तोंड वाकडं करते. होडी तिची नव्हेच मुळी. होडी नवऱ्याची, नवनाथची. तिची फक्त नोकरी, आणि ती नोकरी पाण्याच्या पलीकडे जाऊन बसली यात तिचा काय गुन्हा?

बायडाबाई बोरी बुद्रुकची लेक. दहावी पास, बोलायला फटकळ, कामाला वाघीण. लग्न होऊन इकडं आली आणि ओढ्यापल्याडच्या वाडीवर अंगणवाडी सेविका म्हणून लागली. तेव्हा ओढा ओलांडला की वाडी. मग धरण भरलं. नवनाथचं भाताचं खाचर गेलं, ओढा गेला, आणि एवढं पाणी पसरलं की वळसा घालून रस्त्यानं वाडीला जायचं तर अर्धा दिवस जावा. दुसरी असती तर बदली मागून मोकळी झाली असती. ही म्हणाली, "माजी पोरं हायेत ती. त्यास्नी खिचडी कोण घालणार?"

मग नवनाथनं होडी केली. ताडपत्री शिवून तिला शीड लावलं. शीड झकास, पण वारा काय कुणाच्या बापाचा नोकर आहे? संध्याकाळी घाटाकडून असा सुटायचा की होडी सरसर घरी. सकाळी मात्र ढिम्म, झाडाचं पान हलायचं नाही. नवनाथ चार वल्ही मारायचा, थांबायचा, तंबाखू मळायचा, वाऱ्याची वाट बघायचा. बायडाबाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत नुसती धुमसायची. वाडीवर पोचावं तर वाट बघून पोरं रानात पांगलेली.

एकदा पर्यवेक्षिका मॅडम आल्या आणि दाराचं कुलूप बघून परत गेल्या. मागाहून निरोप आला, की केंद्र वेळेवर उघडत नसेल तर बंद करून मोठ्या गावच्या केंद्राला जोडू. ते मोठं गाव तीन-चार वर्षांच्या पोरांनी कसं गाठायचं, हे काही निरोपात नव्हतं.

"होडीला इंजिन लावा," बायडाबाईनं फर्मान काढलं.

इंजिन मिळालं. पाणी उपसायच्या पंपाचं, रॉकेलवर चालणारं, दोरी ओढली की सुरू होणारं. घोडं अडलं ते पंख्यापाशी. पाण्याखाली फिरून होडीला पुढं ढकलतो तो पंखा. तो काय जुन्नरच्या बाजारात मिळतो होय? भाजीचा टेम्पो घाट उतरून मुंबईला जायचा. त्याचा ड्रायव्हर सोमाजी बंदरावरच्या भंगारातून एकेक पंखा उचलून आणायचा.

पहिला आला तीन पात्यांचा, पितळी. नवनाथनं पाण्यात उतरून तो बसवला, दोरी ओढली. इंजिन जोरात फिरलं, होडी जागची हलली नाही. "ह्यो पाणीच कापत न्हाई," म्हणत त्यानं पंखा काढला आणि गोठ्यात टांगला.

दुसरा आला परातीएवढा. तो फिरवता फिरवता इंजिनाचा जीव घाबरा झाला. काळा धूर ओकून ते बंद पडलं.

तिसरा दिसायला देखणा. बसवला, दोरी ओढली, आणि होडी निघाली मागं! पात्यांचा पीळच उलट्या हाताचा. दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. नवनाथ म्हणाला, "चालतीया न्हवं? मग आपुन तोंड तिकडं करून बसू." आणि उशीर झालेला, म्हणून बायडाबाई बसलीसुद्धा! होडीची मागची बाजू चपटी. प्रत्येक लाटेला पाणी आत. डाळीचं पोतं भिजलं, साडी गुडघ्यापर्यंत भिजली, आणि अशी ही वरात उलट्या पावली वाडीच्या काठाला लागली तेव्हा पोरं टाळ्या पिटत होती. त्यांच्या शेजारी छत्री धरून मॅडम उभ्या होत्या.

"सोमवारी येते," मॅडम एवढंच म्हणाल्या. "शेवटचं."

त्या दिवशी बायडाबाईनं घरी येऊन तोंडाचा जो पट्टा सोडला, तो शेजारपाजारच्यांनी दारात उभं राहून ऐकला. नवनाथ खाली मान घालून तंबाखू मळत राहिला. शेवटी ती तणतणत गेली आणि एसटीडीवरून तिनं बोरीला भावाला फोन लावला.

खंडू, तिचा धाकटा भाऊ, पंप-मोटारी दुरुस्त करायचा. रविवारी सकाळच्या एसटीनं आला. तिन्ही पंखे त्यानं अंगणात मांडले, पाती हातानं चाचपली, आणि पहिला उचलला.

"अक्का, ह्योच. इंजिनाच्या मापाचा हाय."

"आरं, तो पाणी कापत न्हाई म्हनं."

"कापंल कसा? पंख्याला दांड्याशी धरून ठिवणारी पिन कुठंय? पिन नसंल तर आत दांडाच फिरणार, पंखा जागच्या जागी." खंडू नवनाथकडे वळला. "भाऊजी, पिन?"

 नवनाथनं कमरेची चंची सोडली, तंबाखूखालून एक लोखंडी पिन काढली आणि खंडूच्या हातावर ठेवली.

बायडाबाईला आधी उमगेना. उमगलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पावसाळाभर मी बोलणी खातीया, पोरं उपाशी रानात फिरत्यात, आन पिन तुमच्या चंचीत?"

"तू बाजाराला गेलतीस तवा एकदा पिन घालून बसवून बघितला व्हता," नवनाथ जमिनीकडे बघत म्हणाला. "लई झ्याक पळाली होडी. दोरी काय, तू बी वडशील. मंग माजं काय काम? खाचर गेलं. सकाळी तुला सोडायचं, सांजला आणायचं, एवढंच उरलंय मला."

खंडू उगाच पंखा पुसत बसला. बायडाबाईला नवऱ्याचा राग आला, मग त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीच राग आला. ती आत गेली आणि तिनं भांडी घासायला घेतली. घासलेलीच पुन्हा घासली.

सोमवारी दोरी तिनं स्वतः ओढली. "इंजिनाला हात लावायचा न्हाई," एवढंच नवऱ्याला म्हणाली, आणि त्याला समोर बसवून घेऊन गेली. मॅडम आल्या तेव्हा पोरं ओळीनं बसली होती आणि खिचडी शिजत होती. मॅडमनी शेरा लिहिला आणि केंद्र राहिलं.

संध्याकाळी परत निघताना नवनाथ गुपचूप पुढं जाऊन बसला. घाटाकडून वारा सुटला होता. बायडाबाईनं इंजिनाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि खेकसली, "बसलाय काय? शीड उभारा."

"इंजिन हाय की."

"सकाळी घाई असती मला. येताना न्हाई."

नवनाथ उठला. त्यानं ताडपत्री सोडून शीड उभारलं. होडी वाऱ्याला लागली, तशी त्यानं सवयीनं कमरेला हात घातला.

"आन ती चंची," बायडाबाई म्हणाली, "ती द्या हिकडं."