शी आणि शे

बी.एड.ला इंग्रजी मी हौसेने घेतलं असं कोणी समजू नये. शहाद्याजवळ लोणखेड्याच्या कॉलेजात प्रवेशाला गेले तोवर मराठी आणि इतिहासाच्या जागा भरल्या होत्या. खिडकीतला क्लार्क म्हणाला, इंग्रजी आहे, घेता का, मागे रांग आहे. मी घेतलं. वय बत्तीस, मुलगा दुसरीत, घरी पपईची तोडणी चाललेली. सासूबाई गल्लीत सांगत फिरल्या, "आमनी सून विंग्रजी शिकाडाले शिकी ऱ्हायनी." यात कौतुक किती आणि टोमणा किती ते मला आजही कळलेलं नाही.

मला इंग्रजी वाचता येत होतं, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरायचे. त्याचं कारण जुनं आहे. मी पाचवीत असताना सरांनी मला उभं करून धडा वाचायला लावला. एस, एच, ई. आमच्या घरी अहिराणी, 'आहे'ला 'शे' म्हणतात. पाणी शे, भाकर शे, बाप घर शे. मला ती तीन अक्षरं दिसली आणि मी मोठ्याने वाचलं, "शे इज अ गर्ल." वर्ग खो खो हसला. सरांनी तेच वाक्य माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तेव्हापासून दहावीपर्यंत माझं नाव 'शे'च राहिलं. त्यानंतर इंग्रजीच्या तासाला मी आपणहून कधी हात वर केला नाही, आणि आता मीच इंग्रजी शिकवायला निघाले होते.

कॉलेजात आमच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोलायचं, अडलंच तर एखादा मराठी शब्द. अहिराणीचं नावही त्यांनी काढलं नाही. मग पाठ टाचणं लिहायला शिकवली. एका रकान्यात शिक्षक काय करतील, दुसऱ्यात विद्यार्थी काय करतील. म्हणजे मुलं काय उत्तर देणार तेही आपणच आदल्या दिवशी लिहून ठेवायचं. मी पानंच्या पानं लिहिली. माझ्या टाचणातली मुलं फार गुणी होती, एकही चुकायची नाही.

अंतरवासितेला, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवायला, मला शहाद्यापासून अर्ध्या तासावरचं तापीकाठचं गाव मिळालं. इयत्ता पाचवी. हल्ली इंग्रजी पहिलीपासून असतं, त्यामुळे मुलांनी 'ही' आणि 'शी' पुस्तकात पाहिलेलं होतं, पण तोंडाने कधी म्हटलेलं नव्हतं. मी फळ्यावर लिहिलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "शी." झालं. पोरं तोंडावर हात ठेवून खुसखुसायला लागली. लहान पोराची शी, नाहीतर नाक दाबून म्हणतात ती शी. आमच्याकडे दुसरी कुठली शी आहे? मी डोळे वटारले, छडी टेबलावर आपटली. कॉलेजात शिकवलेली एकही पद्धत मला त्या क्षणी आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना घरातल्या एका माणसाचं चित्र काढून आणायला सांगितलं. चित्र दाखवायचं आणि एक वाक्य म्हणायचं. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. दोन वेण्या, उत्तर येत असलं की उत्तराआधी अर्धी उभी राहायची. तिची आई शाळेतच खिचडी शिजवायची, वर्गासमोरच्या व्हरांड्याच्या टोकाला. मुलीने आईचंच चित्र काढलं होतं, हातात उलथणं, बाजूला आईपेक्षा मोठं पातेलं. ती पुढे आली, चित्र छातीशी धरलं आणि म्हणाली, "शे इज माय मदर."

वर्ग फुटला. आणि मी हसले. खोटं कशाला सांगू, चांगली मोठ्याने हसले. इतक्या वर्षांनी ते वाक्य कानावर पडलं आणि म्हणणारी मी नव्हते, याचंच मला बरं वाटलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मग चित्राची घडी घालून जागेवर जाऊन बसली.

त्या दिवसापासून तिचं तोंड बंद झालं. वहीत सगळं बरोबर लिहायची. विचारलं की मान हलवायची, नाहीतर नखं बघत उभी राहायची. मी पहिले दोन दिवस लक्ष दिलं नाही, पोरं रुसतात आणि विसरतात. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, मन्ही पोर आते मराठीना तासलेबी बोलत नहीं. गुरुजी सांगेत."

"लाजत असेल," मी म्हणाले.

"ती लाजत नहीं. ती म्हने, मायले शी कसं म्हनानं? शी तं घान ऱ्हास. म्हनीसन तिनी शे म्हनं." आईचा आवाज चढलेला नव्हता, भाजी निवडताना बोलावं तसं ती बोलत होती. "पोरं हासनात ते हासनात. तुम्हीबी हासनात ना?"

"मी नाही हसले," मी म्हणाले. शुद्ध मराठीत, ऑफिसात बोलतात तशी.

ती पातेल्याकडे परत गेली. व्हरांड्यातून वर्गातलं सगळं ऐकू येतं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी अडाण्यासारखी चुकली नव्हती. तिला दोन्ही शब्द दिसले होते, त्यातला तिने आईसाठी चांगला निवडला होता. आणि मी, जिला तो शब्द पाचवीपासून चिकटला होता, मीच तिला हसले होते.

पुढचे दोन आठवडे मी नाही नाही ते केलं. तिला फळा पुसायला दिला, हजेरीचा कागद आणायला पाठवलं, वहीवर चांदण्या काढल्या. एकदा एकटी गाठून म्हटलं, बेटा, मी चुकले, हसायला नको होतं. तिने मान हलवली. तोंडातून एक अक्षर नाही. मला तिचा रागही आला, खरंच आला, एवढीशी पोर आणि केवढा हा ताठा. पण ताठा कुठला, मी स्वतः पाचवीपासून कॉलेजपर्यंत अशीच गप्प बसले होते. हिचंही तसंच झालं तर त्याला कारण मी असणार होते, आणि अंतरवासितेचे थोडेच दिवस उरले होते.

त्यातच शेवटचा परीक्षेचा पाठ आला. वर्ग तोच, घटकही तोच, कारण टाचण मंजूर होऊन सही झाली होती. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, त्या मुलीला मागे बसवा, तिला विचारू नका, परीक्षकांसमोर पंचाईत नको. मी तिला शेवटच्या बाकावर बसवलं. सांगायला शरम वाटते, पण बसवलं. बाकीच्यांना आदल्या दिवशी दम दिला की उद्या कोणी दात काढले तर बघा.

परीक्षक बाहेरगावचे वयस्कर सर होते. मागे खुर्ची टाकून, मांडीवर गुणांचा तक्ता घेऊन बसले. गुड मॉर्निंग झालं, चित्रांची कार्डं काढली. पुरुषाचं कार्ड दाखवलं, "ही इज अ फार्मर," ते नीट पार पडलं. मग बाईचं कार्ड वर केलं आणि माझ्याच तोंडून, स्पष्ट, मोठ्याने निघालं, "शे इज अ नर्स."

नंतर कॉलेजात मैत्रिणींनी विचारलं, मुद्दाम केलंस ना, त्या मुलीसाठी? मी हो म्हणून टाकलं. मुद्दाम नव्हतं. भीतीने माझं मला सुचेनासं झालं होतं आणि घरची भाषा आपली वर आली.

वर्गात कोणी हसलं नाही. दमच तसा दिला होता. सगळे कार्डाकडे बघत राहिले, परीक्षकांनी पेन उचललं, आणि मला पुढचं काही आठवेना. तेवढ्यात मागून, परीक्षकांच्या खुर्चीच्या अगदी शेजारून, बारीक आवाज आला.

"मॅडम, शी."

ती अर्धी उभी होती, पूर्वीसारखी.

"परत सांग," मी म्हणाले. टाचणात हे कुठेच नव्हतं.

"शी," ती म्हणाली. "शी म्हनजे ती. घान नहीं." मग सरळ उभी राहून, दाराबाहेर व्हरांड्याकडे हात करून म्हणाली, "शी इज माय मदर."

मी फळ्याकडे वळून तारीख पुन्हा गिरवत बसले. परीक्षकांनी नंतर शेऱ्यात लिहिलं, शिक्षिकेचा उच्चार चुकला, विद्यार्थिनीने दुरुस्त केला. त्याचे गुण गेले, पण पास झाले.

पाठ संपला तशी मी धावतच व्हरांड्यात गेले. तिची आई पातेल्याच्या तळाशी उलथणं घासत होती.

"ताई, ऐकलं ना?" मी विचारलं.

"काय?"

"पोरगी बोलनी. तुमनं नाव लिसन बोलनी." त्या शाळेत मी पहिल्यांदाच अहिराणी बोलत होते.

"ऱ्हाऊ द्या मॅडम, खिचडी बुडले लागी ऱ्हायनी व्हती. मन्हं ध्यानच नव्हतं." तिने उलथणं थांबवलं. "काय बोलनी?"

मी सांगणार होते. पण तोवर ताटल्या घेऊन रांग लागली होती, आणि मुलगी रांगेत चौथी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा नंबर आला तेव्हा तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

"शी इज माय मदर," ती म्हणाली.

मागची पोरं फिसकन हसली. तीही हसली. आईने एक डाव खिचडी घेतली, लेकीकडे बघितलं.

"शे ना," आई म्हणाली. "ताटली पुढे कर."