पिवळ्या मोत्यांची भिकबाळी

ती भिकबाळी मी आधी पाहिली ती कागदावर. तो कागद अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा मी सोलापुरात फौजदार होतो. शुक्रवार पेठेतल्या एका वकिलांकडे त्यांच्या कैलासवासी वडिलांची भिकबाळी चोरीला गेली. वडील गेल्यावर वकिलांनी ड्रॉइंग मास्तरांकडून तिचे जलरंगात चित्र काढून घेतले होते. तांबडा खडा, सोन्याची तार, पिवळट पडलेले मोती. ओळख पटावी म्हणून ते चित्र त्यांनी ठाण्यात आणून दिले.

चोरी झाली त्या दुपारी वकिलांचा टांगेवाला घरात शिरताना दिसला, अशी खबर आली. त्याला आणला.

"पानी प्यायला गेलतो, साहेब. खुदाची आन, डागिन्याला हात बी लावला न्हाय. पुढल्या म्हयन्यात पोरीचा निका हाय की. बाप कोठडीत बसला कळलं, तर सोयरीक मोडंल."

त्याच्या घरझडतीत काही निघाले नाही, पण पेठ त्याला चोर ठरवून मोकळी झाली होती. मला ते पटेना. मारून घेतलेली कबुली तर मला कधीच नको असे. मी चित्र घेऊन वकिलांच्या घरी गेलो आणि एकेकाला विचारले, "चित्र बरोबर आहे का?"

स्वयंपाकीणबाई हो म्हणाल्या. शिकायला राहिलेला भाचा मात्र हसला.

"मास्तरांनी रंग चुकवलाय. मोती इतके पिवळे कुठे आहेत? पांढरे स्वच्छ आहेत."

"नाही रे, पिवळेच," वकील म्हणाले. "वडिलांच्या अंगचं तेल, घाम. म्हणून तर मी ते कुणाला धुऊ दिले नाहीत."

भाच्याचा चेहरा उतरला.

"कशाने धुतलेस?" मी विचारले.

"रिठ्याच्या पाण्याने." करमाळ्याच्या सराफाला दाखवण्याआधी त्याने मोती उजळवले होते. भिकबाळी त्याच्याच गादीत शिवलेली निघाली.

खोदून विचारले की माणूस सावध होतो. दुसऱ्याची चूक काढायला दिली की सैल सुटतो. शहाणपण मिरवायची हौस चोरालाही असतेच.

वकिलांनी पांढऱ्या मोत्यांकडे पाहिले आणि आधी चित्र परत मागितले. त्यांचे डोळे भरले होते. मलाही वाईट वाटले.

पण माझे काम संपले नव्हते. टांगेवाल्याला सोडले आणि भर बाजाराच्या वेळी, पुऱ्या गणवेशात, त्याच्या शेजारी पुढच्या बाकावर जाऊन बसलो.

"कुटं घेऊ, साहेब? टेसनाला?"

"नाही. पेठेतून हळूहळू घे. तुझ्या व्याह्यांच्या दारात थांबव."

त्याने लगाम उचलला आणि टांगा पेठेकडे वळवला.