जानरावांची मिशी आणि गुलाम नबीची जागा

मे महिन्यात अकोल्याचा माणूस गाडी लावताना पाटी वाचत नाही, सावली बघतो. गुलाम नबी पेंटरच्या साऱ्या दुःखाचं मूळ हे होतं. त्याचं दुकान ज्या कॉम्प्लेक्समध्ये होतं, तिथली अपंगांसाठी राखीव असलेली एकुलती एक जागा नेमकी कडुनिंबाखाली आली होती.

गुलाम नबी राहायचा मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात. साखरेने डावा पाय गुडघ्याखालून नेला त्याला सहा वर्षं झाली होती. "पयले दोन चपला हरवायच्या, आता एकच हरवते," असं तो ज्याला त्याला सांगायचा. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर, सीटला बांधलेल्या कुबड्या आणि हँडलला लटकणारा रंगाचा डबा अशी त्याची स्वारी रोज दहाला निघायची आणि कडुनिंबाखाली येऊन थबकायची. जागा भरलेली असायची.

मग रस्त्यापलीकडे नालीजवळ स्कूटर लावायची आणि उखडलेल्या सिमेंटच्या गट्टूंवरून कुबड्या टेकत यायचं. गेल्या महिन्यात एक गट्टू हलला आणि गुलाम नबी दाताच्या डॉक्टरच्या पाटीसकट आडवा झाला. पाटीवरचे बत्तीस दात शाबूत राहिले. गुलाम नबीचा एक गेला.

त्या दिवशी बायकोने, कुलसुमबीने, घरी निकाल दिला. "अब एक बार भी गिरे ना, तो दुकान बंद! घरी बसा आन् गवार मोडा."

कुलसुमबीचा निकाल म्हणजे निकाल. त्यावर अपील नव्हतं. पस्तीस वर्षं ब्रश धरलेल्या माणसाला स्वप्नात गवारीच्या शेंगा दिसू लागल्या.

त्या जागेत जमिनीवर चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचं निळं चित्र होतं. गुलाम नबीनेच काढलं होतं ते. पण त्याची पत्रास कुणी ठेवेना. "चाक काढलं हाये ना? मंग चाकाचीच गाडी लावली," असं एका मोटारसायकलवाल्याने तोंडावर सांगितलं होतं. चौकीदार सहदेवने जागा अडवायला प्लास्टिकची खुर्ची ठेवून पाहिली. अर्ध्या तासात सावली बघून कुणीतरी तिच्यावर पेपर वाचत बसलं आणि संध्याकाळी ती चहाच्या टपरीवर सापडली.

जागेचे सगळ्यात इमानी गिऱ्हाईक होते जानराव. कॉम्प्लेक्सचे अध्यक्ष, बी-बियाण्याचे दुकानदार, माणूस दिलाचा राजा. त्यांची पांढरी जीप नऊलाच सावलीत येऊन बसायची.

"जानरावभाऊ, ते जागा माही हाये जी," गुलाम नबी म्हणायचा.

"अबे तुहीच हाये! मी काय नाही म्हणून राहिलो? तू आला का मले येऊन सांगत जा, लगेच काढतो गाडी."

आता यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त जानरावांचं दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती.

एका रविवारी, कॉम्प्लेक्स बंद असताना, गुलाम नबी रंग घेऊन आला आणि त्या चित्राशेजारी फतकल मारून बसला.

"सहदेव, लोक याच्या अंगावर गाडी काहून चढवतात, मालूम हाये? याले तोंडच नाही. बिनतोंडाच्या माणसाची लाज कोणाले वाटन?"

आणि त्याने तोंड काढायला घेतलं. पण फ्लेक्स येण्याआधी वीस वर्षं जानरावांच्या वाढदिवसाचे बोर्ड त्यानेच रंगवले होते. हाताला एकच तोंड पाठ. दुपारपर्यंत खुर्चीत ऐसपैस पोटाचा माणूस अवतरला, आणि त्याला दोन्ही टोकांवर लिंबू ठेवावं अशी मिशी.

"पेंटर," सहदेव हादरून म्हणाला, "हे तं जानरावभाऊ व्हय!"

"हात गेला बाप्पा तिकडंच," गुलाम नबी म्हणाला, आणि मिशीला शेवटचा पीळ दिला.

सोमवारी नऊला जीप आली आणि करकचून थांबली. जानराव उतरले. चहाच्या टपरीवरचे लोक ग्लास घेऊन पुढे सरकले. जानरावांनी स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि जीप मागे घेऊन भर उन्हात लावली. स्वतःच्या तोंडावर टायर कोण ठेवतो? त्यांच्यामागून आलेले तिघेही तसेच वळले. अध्यक्षांच्या छातीवर गाडी चढवायची कुणाची हिंमत!

दहाला गुलाम नबी आला. सावलीतली जागा रिकामी! सहा वर्षांत पहिल्यांदा. त्याने स्कूटर वळवली आणि काठावरच ब्रेक दाबला. समोर जानराव हसत होते. या माणसाने त्याच्या ऑपरेशनच्या वेळी आठ दिवस दवाखान्यात डबा पोचवला होता. गुलाम नबीने कपाळाला हात लावला, स्कूटर फिरवली आणि नालीजवळ नेऊन लावली. कुबड्या घेऊन चार पावलं टाकली, तोच गट्टू हलला. तो डळमळला. डोळ्यांसमोर गवारीच्या शेंगा नाचल्या.

"अबे, कुठून येऊन राहिला?" दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला. "जागा रिकामी हाये ना?"

"तुमच्या अंगावर कसा चढू जी?"

जानराव धापा टाकत खाली उतरले. त्यांनी आधी त्याला दंडाला धरून स्कूटरपर्यंत नेलं, मग स्वतः जागेशी उभे राहून ट्रक मागे घ्यावा तसे हात हलवू लागले.

"येऊ दे. पायावरून येऊ दे. पोटावर येऊ दे, पोट मोठं हाये, सोसन. बस! थांब! मिशीले धक्का नाही लागला पायजे!"

स्कूटर बरोबर ढेरीवर थांबली. टपरीने टाळ्या वाजवल्या.

"आन् डोये बारीक काढले तू," जानराव खाली वाकून म्हणाले. "मी काय झोपेत हावो?"

संध्याकाळी कुलसुमबीने दारातच विचारलं, "गिरे क्या?"

"नाही. जानरावनं पोटावर घेतलं."

कुलसुमबीने त्याच्याकडे दोनदा पाहिलं आणि गवारीची टोपली स्वतःपुढे ओढली.

जून उजाडेपर्यंत मिशीचं डावं टोक पुसट झालं. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरून ताकीद आली, "गुलाम, मिशीले रंग मार लवकर! लोक मले कोणी परका समजून गाडी लावतीन!"