काकीचा रेडिओ

या गोष्टीबद्दल मी आजवर तोंड उघडलेलं नाही. तसं मी कशाबद्दलच फारसं उघडत नाही, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. गप्प राहणाऱ्या मुलींना हा एक फायदा असतो — त्या काही लपवत असतील असं कुणाला वाटतच नाही.

माझी काकी कळंबला राहते. काका गेले तेव्हा मी लहान होते. तिची थोडी भातशेती आहे, आणि शनिवार-रविवारी आजूबाजूच्या रिसॉर्टना ती तांदळाच्या भाकऱ्या करून देते. चुलीपाशी, भिंतीतल्या कोनाड्यात, तिचा रेडिओ असायचा. पिठाच्या बोटांचे ठसे उमटलेला, एरियल अर्धी मोडलेली. काकी त्याच्याशी बोलायची. आतली बाई "नमस्कार" म्हणाली की ही भाकरी उलटता उलटता म्हणायची, "आलीस गं? आज उशीर केलास."

आम्ही मोहोपाड्याच्या कॉलनीत. मी नववीत होते, इंग्रजी शाळेत. त्या वर्षी सायन्सच्या मिसनी ई-कचरा शिकवला. एक जुनं खेळणं उघडून दाखवलं — तांबं कुठे असतं, शिसं कुठे, तारा का जाळायच्या नाहीत. मला ते मनापासून आवडलं होतं, हे खोटं नाही. व्हरांड्यात ई-कचऱ्यासाठी मोठा खोका आला. प्रदर्शनासाठी प्रत्येकाने घरातली एक बंद पडलेली वस्तू उघडायची, तिचे भाग पुठ्ठ्यावर लावायचे आणि त्यावर बोलायचं. सगळे चार्जर आणि इयरफोन आणणार होते. आमच्याकडेही तेच होते. आणि मला — कसं सांगू? — एकदा तरी मिसनी माझ्या टेबलापाशी जरा जास्त वेळ थांबावं, असं वाटत होतं.

गणपतीला आम्ही कळंबला गेलो. रेडिओ चालू होता.

हे वाक्य मी खोडलं आणि पुन्हा लिहिलं. इंग्रजीत लिहिलं की माझं सगळंच शाळेच्या निबंधासारखं होतं, म्हणून मराठीत लिहितेय. रेडिओ चालू होता.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी सेलचं झाकण काढलं आणि सेल टेकतो त्या आतल्या धातूच्या पत्रीवर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावला. एवढंच. वीज कशाने अडते हे नुकतंच शिकले होते ना? संध्याकाळी काकीने बटण फिरवलं, रेडिओला थोपटलं, नवे सेल घालून पाहिले. "सकाळी तं चालू व्हता गं." कर्जतच्या बाजारात दुरुस्तीला नेते म्हणाली. मी म्हटलं, नको, आतून गेलाय. असल्या जुन्या वस्तूंतून विष झिरपतं, स्वयंपाकाजवळ ठेवूच नये. विष हा शब्द मी मुद्दाम वापरला. तो शब्द ऐकून तिने हात मागे घेतला. मग पदराने रेडिओ पुसला आणि मला दिला. "ने गं बाय. पोरांना शिकाया तरी कामी यील."

तुम्हाला वाटेल, झालं — एवढंच होतं. मलाही तसंच वाटून घ्यायला आवडलं असतं.

घरी आल्यावर मी ती पट्टी काढली. का काढली? माहीत नाही. सेल घातले आणि रेडिओ लागला, अगदी स्वच्छ. तीच बाई. मी कॉटवर बसून ऐकत राहिले. तो तसाच परत नेता आला असता. दुरुस्त केला म्हणून सांगितलं असतं, तर काकीने मला डोक्यावर घेतलं असतं. मी बटण बंद केलं आणि स्क्रू काढायला घेतले.

प्रदर्शनात मी पहिल्यांदाच न अडखळता बोलले. माझं पहिलं वाक्य होतं — वस्तू टाकण्याआधी ती खरंच बिघडली आहे का, ते पाहा. मिस थांबल्या. बराच वेळ थांबल्या. काकीही आली होती, ठेवणीतली साडी नेसून. पुठ्ठ्यावरची एकेक इंग्रजी चिठ्ठी तिने मला वाचायला लावली. "एवढं समदं व्हतं त्याच्या पोटात?" मग विचारलं, आता याचं काय करतात. मी सांगितलं, वितळवतात, त्याच्यातून नव्या वस्तू होतात. ते तिला फार पटलं.

वितळवलं मात्र कुणीच नाही. मिसनी पुठ्ठा नमुना म्हणून ठेवून घेतला आणि दहावीनंतर मला परत दिला. ई-कचऱ्याच्या खोक्यात टाकायला माझा हात धजला नाही. तो माझ्या खोलीतल्या माळ्यावर आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

बाबांनी काकीला गाणी भरलेला एक छोटा स्पीकर आणून दिला. त्याच्याबद्दल ती एकदाच बोलली. "ह्यो निसता गातो. बोलत नाय."

यंदा दसऱ्याला ती आमच्याकडे होती. सवयीप्रमाणे घरातल्या प्रत्येक यंत्रावर झेंडूचं फूल ठेवत फिरली — मिक्सर, वॉशिंग मशीन, खाली जाऊन बाबांची मोटरसायकल. मग माझ्या खोलीत आली. माझ्या नव्या लॅपटॉपवर तिने फूल ठेवलं, शेजारी तळहात टेकवला आणि तशीच उभी राहिली.

"माज्या रेडिओचं कायतरी आलं असंल बग ह्याच्यात."

माळा आमच्या दोघींच्या डोक्यावर होता.

"हो काकी," मी म्हटलं, "असेल."