बाबांचं लिव्हर आणि खोव्याची जिलेबी

आमच्या बाबांनी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. तरी त्यांचं लिव्हर गेलं म्हटल्यावर जबलपुरातल्या आमच्या अख्ख्या अधारताल मोहल्ल्याने ठरवून टाकलं, की म्हातारा लपून प्यायचा. शेजारचे एक काका तर हळूच येऊन विचारून गेले, कौनसी लेते थे. बाबांना आजारापेक्षा हेच जास्त लागलं. मग ते दिसेल त्याला थांबवून समजावू लागले, की साखर आणि पोटावरची चरबी यांनीही लिव्हर खराब होतं. भाजीवालीलासुद्धा सांगितलं. तिने दया येऊन चार मिरच्या जास्त घातल्या.

नागपूरचे एक सर्जन महिन्यातून एकदा जबलपूरला येतात. त्यांच्याकडे आई, बाबा आणि मी, त्यांची एकुलती एक मुलगी, असे तिघं गेलो. बाबांनी वयाचं कारण पुढे करून लिव्हर बदलायच्या ऑपरेशनातून सुटायचं, असं घरूनच ठरवून ठेवलं होतं. सत्तरीला आलो, आता पुरानी गाडी में नया इंजन कशाला, असं ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, आम्ही नुसतं वय बघत नाही, हृदय बघतो, फुप्फुसं बघतो आणि पायांतली ताकद बघतो, तेव्हा रोज फिरा. मग या म्हाताऱ्या माणसाला कळावं म्हणून त्यांनी आपली हिंदी जरा सोपी केली, लिव्हरचं जिगर केलं आणि विचारलं, "तो बाबूजी, जिगर का टुकड़ा कौन दे रहा है?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. हिंदीत काय नि मराठीत काय, काळजाचा तुकडा म्हणजे पोटचं लेकरू. त्यांना वाटलं, डॉक्टर मलाच मागताहेत.

"जिगर का टुकड़ा तो ये बैठी है," ते म्हणाले. "पर ये मैं नहीं दूँगा."

"आपको देना नहीं है बाबूजी, लेना है."

आईला हसू आलं, मला आलं, डॉक्टरांनाही आलं. बाबांना आलं नाही. घरी येईपर्यंत ऑटोत ते आमच्याशी वाद घालत राहिले.

मी देणार हे माझ्यापुरतं ठरलेलंच होतं. आईचा रक्तगट जुळत नव्हता, माझा जुळत होता, आणि तुकडा काढला तरी उरलेलं लिव्हर पुन्हा वाढतं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण माझ्या तपासण्या झाल्या, तेव्हा कळलं की माझ्याही लिव्हरमध्ये चरबी आहे. आधी वजन उतरवा, मग बघू, म्हणाले. मी अपमान गिळला आणि त्याच्यामागून उकडलेला दुधी गिळायला लागले. भूक लागली की माझं डोकं फिरतं. आम्ही आई-बाबांजवळच राहतो; त्या दिवसांत नवरा आणि लेक माझ्याशी दाराआडून बोलायचे.

बाबा मात्र अचानक शहाणे झाले. वाद घालणं बंद केलं आणि रोज संध्याकाळी नेमाने फिरायला जाऊ लागले. फक्त फिरायला ते अधारतालहून ऑटोने पार छावणीतल्या सदर भागात जायचे. तिकडचे रस्ते मोकळे आहेत म्हणायचे. येताना हातात खोव्याच्या, म्हणजे खव्याच्या, जिलेबीचा पुडा, गरम, कागद तुपाने भिजलेला. मला तर खाता येत नाही, म्हणायचे, तू खा, मी वास घेतो. मी एकच खायची. मग आणखी एक, कारण आजारी माणसाचं मन मोडू नये. मनाची मी फार मोठी आहे.

पुढच्या वेळी काट्यावर उभी राहिले, तर वजन तसूभर हललेलं नव्हतं. बाबांचा चेहरा पडायला हवा होता. तो खुलला. ते आईने पाहिलं.

त्या संध्याकाळी बाबा पुडा घेऊन आले, तेव्हा आई दारातच उभी होती.

"काहून आणून राहिले तुम्ही हे रोज?"

बाबा आधी म्हणाले, दुकानदार ओळखीचा आहे, बोलावतो. आई हलली नाही. मग ते तिथेच खुर्चीवर बसले.

"तिचं वजन नाही उतरलं तर डॉक्टरच नाही म्हणतील," ते म्हणाले. "मले नाही म्हणावं नाही लागणार. तिच्या पोटावर सुरी नाही चालू द्यायची मले."

मला इतका राग आला की मी पुडा ओढून घेतला आणि उभ्याउभ्या खायलाच लागले. म्हटलं, ठीक आहे, असंच खात राहते. एक दिवस माझंही लिव्हर जाईल. माझी लेक द्यायला पुढे येईल, आणि मी तुमच्याकडून शिकले आहे तेच करीन. "तिला नाही म्हणेन आणि मरून जाईन, बाबा. ती जन्मभर म्हणत राहील की आईनं मला वाचवू दिलं नाही. चालेल तुम्हाला?"

तोंड भरलेलं होतं, त्यामुळे निम्मं त्यांना कळलंही नसेल. पण ते उठले, माझ्या हातातून पुडा काढून घेतला आणि शेजारच्या काकांना देऊन आले. दुसऱ्या दिवसापासून ते आपल्या गल्लीतच फिरू लागले. मला सोबत घ्यायचे आणि मी रेंगाळले की पुढून ओरडायचे. माझं वजन उतरलं.

ऑपरेशन झालं आणि आम्ही दोघंही धड घरी आलो, हे इथेच सांगून टाकते. पण मला आठवतो तो त्याआधीचा, नागपुरातला मुलाखतीचा दिवस. देणाऱ्यावर कोणाची जबरदस्ती नाही ना, हे तिथली समिती कॅमेऱ्यासमोर विचारून घेते. मधल्या खुर्चीवरच्या बाईंनी मला विचारलं, मी हो म्हटलं, आणि त्या पुढच्या कुटुंबाला बोलावणार तेवढ्यात बाबांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मले पण विचारा ना."

"तुम्हाला काय विचारायचं, काका?"

"हेच," बाबा म्हणाले. "मी घेऊन राहिलो. माझ्या मर्जीनं. कोणाची जबरदस्ती नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं, आणि त्यांनी कॅमेरावाल्याला थांबायला सांगितलं.

"ताई, तुम्ही रडताय. कोणाचा दबाव आहे का?"

"दबाव नाही," मी म्हटलं. "वडील आहेत."