मार्गदर्शकाचा रकाना

"ते फक्त शीट बदलायला आहेत. पुढचं."

विभागप्रमुख इंग्रजीत बोलले. भरल्या सेमिनार हॉलमध्ये. ते म्हणजे मी. प्रोजेक्टरशेजारी स्टुलावर बसलेला, हातात पडद्यावर दाखवायच्या प्लास्टिकच्या शीट धरलेला, एम.टेक. झालेला शास्त्रज्ञ.

झालं होतं एवढंच. सेल्वी नावाची मुलगी, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून आमच्या प्रयोगशाळेत उन्हाळी प्रोजेक्टला आलेली, आपलं काम सांगत होती. मागून कुणीतरी विचारलं, तिसऱ्या नमुन्यातली सळई आधी का गंजली? सेल्वीने माझ्याकडे हात केला. म्हणाली, हे सर सांगतील, प्रोजेक्ट यांचाच आहे. त्यावर साहेबांचं हे उत्तर. हॉल हसला.

सळई का गंजली ते मला ठाऊक होतं. तिच्यावरचा सिमेंटचा थर मीच मुद्दाम पातळ ठेवला होता. सगळा प्रोजेक्टच त्यासाठी होता. साहेबांना ते ठाऊक नव्हतं.

मी शीट बदलली. हो, बदलली. लपवत नाही.

माझा बाप नांदेडात स्लॅबच्या कामावर सळया वाकवायचा. गंजलेली सळई अंगठ्याने ओळखायचा. म्हणायचा, ही आत घातली तर स्लॅब फुगणार. त्याचं ऐकतो कोण? मी ऐकलं होतं. त्यावरूनच प्रोजेक्ट लिहिला. सळई गंजवायला प्रयोगशाळेत नळाच्या पाण्यात मीठ कालवतात. मी म्हटलं, समुद्र बाजूला असताना मीठ कशाला? तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या स्वस्त लॉजमध्ये राहायचो, मरीनाचा किनारा चालत अंतरावर. पहाटे कॅन भरून बसमध्ये चढायचो. कंडक्टर धाकट्या भावाला हाक मारावी तसा तमिळमध्ये म्हणायचा, "काय तंबी, समुद्र विकायला काढलास का?" आणि कॅन ठेवायला जागा करून द्यायचा. त्याच्या टोमण्यात विष नव्हतं. विष एसी केबिनमध्ये होतं.

आमच्याकडे दर फेब्रुवारीत प्रत्येकाने उन्हाळी प्रोजेक्ट एका कागदावर लिहून द्यायचा. विषय, साहित्य, किती आठवडे. मार्गदर्शकाचा रकाना मात्र ज्युनिअरने मोकळा सोडायचा. असा नियम कुठेच लिहिलेला नाही. तो रकाना साहेब भरतात. स्वतःच्या नावाने. मग भिंतीवर यादी लागते आणि सगळे प्रोजेक्ट एकाच माणसाचे. जणू इमारतीत मेंदू एकच, बाकी सगळी धडं. हा माणूस दोन महिन्यांत एकदाही नमुने बुडवलेल्या टाक्यांच्या खोलीत उतरला नाही. गंजलेली सळई आणि मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, यांतला फरक त्याला चावूनच कळला असता.

आणि हे साहेब मराठी. तंजावरचे. रुजू झालो त्या दिवशी मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर खूश झाले. जुनी, तमिळ हेल लागलेली मराठी बोलले. कॉफी सांगितली. मग विचारलं, "आडनांव काय म्हणालांत?"

सांगितलं.

पुढचं सगळं इंग्रजीत झालं. कॉफी आलीच नाही. शेकडो वर्षं परमुलखात जपलेली भाषा, एका आडनावाने यांच्या घशात अडकली.

सेमिनारनंतर सेल्वी टाक्यांच्या खोलीत आली. ट्रे धुवायला घेतले. माझ्याकडे न बघता विचारलं, "सर, तुम्ही उठला का नाहीत?"

मी प्रोबेशनचं सांगितलं. नोकरी कायम करायचा रिपोर्ट साहेबच लिहिणार, घरी पैसे पाठवायचे असतात, असलं सगळं.

ती म्हणाली, "माझे अप्पा पण हेच सांगतात. दर वर्षी."

आणि ट्रे धूत राहिली. साहेबांनी हॉलमध्ये केलं ते मला गिळता आलं होतं. हे आलं नाही. वीस वर्षांच्या मुलीला मी सळईबद्दल पुष्कळ शिकवलं होतं, आणि वाकायचं कसं तेही.

पुढच्या फेब्रुवारीत मी रकाना भरला. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. काळ्या शाईने.

केबिनमध्ये बोलावणं आलं. कागद टेबलावर. दार लावून घेतलेलं. आणि पहिल्या दिवसानंतर पहिल्यांदा साहेबांच्या तोंडून मराठी निघाली. गोड.

"तो रकाना मोकळा सोडायचा असतो. इथली पद्धत आहे."

व्हाइटनरची बाटली त्यांनी माझ्याकडे सरकवली. म्हणजे माझं नाव मीच पुसायचं. साहेबांचे हात स्वच्छ.

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. परत त्यांच्या बाजूला ठेवली.

"आडनाव तुम्हीच विचारलं होतंत," मी म्हणालो. "तेच लिहिलंय."

त्या वर्षी माझा प्रोजेक्ट यादीत लागला नाही. प्रोबेशन एक वर्ष वाढलं. रिपोर्टात लिहिलं, वागणूक सुधारण्यास वाव. सहकाऱ्यांनी कँटीनमध्ये माझ्या टेबलावर बसणं सोडलं. त्यांचे रकाने मोकळे होते, त्यांचं बरोबरच होतं.

फेब्रुवारी दर वर्षी येतो. रकाना मी दर वर्षी भरणार. पुसला तर पुन्हा लिहिणार, कागद फाटेल इतकं दाबून. माझ्या हाताखाली जे पोर येईल त्याला पहिल्या दिवशी आधी स्वतःचं पूर्ण नाव लिहायला लावणार, सळई नंतर.

आणि त्या स्टुलावर मी बसणार नाही. साहेबांना दोन हात आहेत. शीट त्यांनी बदलावी.